टीबीचे १६८ डोस आणि दादाची रात्रीची गोळी

दादाला स्किझोफ्रेनिया होऊन चौदा वर्षं झाली. रात्री रिस्पेरिडोन ४ मिलिग्रॅम आणि त्याच्या दुष्परिणामांसाठी सकाळी ट्रायहेक्सीफेनिडिल २ मिलिग्रॅम, एवढ्यावर तो गेली सहा वर्षं स्थिर होता. त्यात टीबी निघाला. ३ फेब्रुवारी २०२५ ला पहिला डोस घेतला आणि २५ जुलैला शेवटचा. टीबीबद्दल माहिती ढिगाने मिळते, स्किझोफ्रेनियाबद्दलही मिळते, पण दोन्ही एकाच माणसाला असले तर काय करायचं ते दोन खिडक्यांवर अर्धं अर्धं विचारत फिरावं लागतं. म्हणून तारखांसकट लिहून ठेवतेय. मी औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. तरीही मुख्य गोष्ट माझ्या लक्षात आली नाही, ती कशी ते पुढे येईलच.

खोकला दिवाळीपासूनचा. दादा बिड्या ओढतो, त्यामुळे त्याचा खोकला घरात कुणाला ऐकूच येत नव्हता. कमी जेवतोय, पडून राहतोय, हे सगळं आम्ही जुन्या आजाराच्या खात्यावर टाकलं. पँट सुतळीने बांधलेली दिसली तेव्हा वजन केलं, ४७.५ किलो. उन्हाळ्यात ५८ होतं. दादासारखी माणसं 'मला बरं वाटत नाही' असं आपणहून सांगत नाहीत, रात्री घाम येतो का विचारलं तर 'नाही' म्हणतात, कारण प्रश्न लवकर संपतो. उशीचा अभ्रा बघायचा. वजन दर महिन्याला करायचं.

२७ जानेवारीला खाजगीत एक्स-रे काढला, ४०० रुपये. उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात डाग. तिथून ग्रामीण रुग्णालय. बेडक्यासाठी दोन डब्या मिळाल्या, एक तिथेच द्यायची आणि दुसरी दुसऱ्या दिवशी सकाळी तोंड धुण्याआधीची. दादाची पहिली डबी परत आली, नुसती लाळ होती. गर्दीत, लोकांसमोर त्याला खोकून बेडका काढता येईना. दुसऱ्या दिवशी घरामागच्या मोकळ्यावर नेलं, आधी तीन वेळा खोल श्वास घ्यायला लावला, मग खोकायला सांगितलं, आणि मी पाठ करून उभी राहिले. डबीत घट्ट, पिवळसर बेडका आला. तपासणी ट्रूनॅटवर झाली, हे गोव्याच्या कंपनीचं छोटं मशीन आता बऱ्याच ग्रामीण रुग्णालयांत असतं. संध्याकाळी निकाल आला. टीबी आहे, रिफाम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला जंतूंचा प्रतिकार नाही.

या दुसऱ्या अर्ध्या वाक्याची किंमत मानसिक रुग्णाच्या घरच्यांनी ओळखावी. प्रतिकार निघाला असता तर औषधं बदलली असती, आणि प्रतिकारक टीबीच्या काही औषधांचा दादासारख्याला वेगळाच ताप असतो. सायक्लोसेरिनने चांगल्या माणसालाही भास होऊ शकतात. लिनेझोलिड काही नैराश्यविरोधी गोळ्यांबरोबर धोक्याचं. बेडाक्विलिन आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन हृदयाच्या ठोक्यांमधला ईसीजीवरचा एक कालावधी लांबवतात, आणि हॅलोपेरिडॉलसारखी मनोविकाराची औषधंही तेच करतात. आयसोनियाझिड या दुसऱ्या मुख्य औषधाच्या प्रतिकाराची तपासणी वेगळ्या प्रयोगशाळेत जाते. तो निकाल आम्हाला सतरा दिवसांनी मिळाला. तोही ठीक होता.

मग नोंदणी. निक्षय आयडी (टीबी रुग्णाचा सरकारी नोंदणी क्रमांक), आधार, बँक पासबुक, एचआयव्ही आणि साखरेची तपासणी, लिव्हर, क्रिएटिनीन. फॉर्मवर 'इतर आजार' असा रकाना होता. त्यात 'मानसिक' एवढा एकच शब्द लिहिला गेला. कोणती गोळी, किती मिलिग्रॅम, हे कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. पुढचा सगळा गोंधळ त्या रकान्यातला.

औषधं सरकारी, फुकट. एकाच गोळीत चार औषधं असतात: आयसोनियाझिड ७५, रिफाम्पिसिन १५०, पायराझिनामाइड ४०० आणि इथाम्ब्युटॉल २७५ मिलिग्रॅम. किती गोळ्या ते वजनावर ठरतं. ३५ ते ४९ किलोला तीन, ५० ते ६४ ला चार. पहिले ५६ डोस या चार औषधांचे, पुढचे ११२ डोस पायराझिनामाइड वगळून तीन औषधांचे. रोज एकदाच, सगळ्या गोळ्या एकत्र, शक्यतो अनशापोटी, कारण जेवणाने रिफाम्पिसिनचं शोषण कमी होतं. सोबत बी-६ ची गोळी. ती टॉनिक म्हणून दिली असं समजून टाकू नका. आयसोनियाझिडने बी-६ कमी पडतं, हातापायांना मुंग्या येतात आणि क्वचित मनावरही परिणाम होतो. पित्तासाठी कुणी अँटासिड दिलं तर ते टीबीच्या गोळ्यांपासून दोन तास लांब ठेवा.

पहिल्या डोसाच्या आदल्या दिवशी एक काम केलं, ते फार उपयोगी पडलं. रिफाम्पिसिनने लघवी नारिंगी होते, घाम आणि डोळ्यांतलं पाणीही रंगतं. आपल्यावर विषप्रयोग होतोय ही भीती ज्याला पूर्वी होती, त्याने अचानक नारिंगी लघवी पाहिली तर उपचार तिथेच संपले असते. आईने त्याला सांगितलं, "रंगपंचमीला पळसाचं पाणी करायचो ना आपण, तशी होईल बघ. झाली म्हणजे गोळी लागू पडली." तिसऱ्या दिवशी तो स्वतः येऊन म्हणाला, "पळस आला." सगळ्यांनी हा रंग आधीच सांगावा, आणि चांगल्या खुणेसारखा सांगावा.

गोळ्या जेवणात मिसळून द्या असा सल्ला दोघांनी दिला. मिसळल्या तर भात नारिंगी होतो आणि सहा महिने त्या माणसाचा ताटावरचा विश्वास जातो. ताटवाटी वेगळी ठेवायचीही गरज नव्हती. टीबी हवेतून पसरतो, भांड्यांतून नाही. शेजारच्या काकूंचं ऐकून आम्ही दोन दिवस वेगळं ताट ठेवलं, दादाने ते लगेच हेरलं, तिसऱ्या दिवशी पुन्हा पंगतीला घेतलं. पहिले दोन आठवडे झोपायला वेगळी खोली, खिडक्या सताड उघड्या. मास्क तो लावत नव्हता, मग घरात आम्ही लावला.

१८ फेब्रुवारी. दादा रात्री दोन वाजता अंगणात फेऱ्या मारत होता. पुढच्या दोन दिवसांत स्वतःशी हसणं सुरू झालं. २१ तारखेला त्याने टीव्हीवर चादर टाकली, बातम्या देणारी बाई त्याच्याबद्दल बोलते म्हणून. सहा वर्षांत असं झालं नव्हतं. आम्हाला वाटलं, अशक्तपणा, ताण. रात्रीची रिस्पेरिडोन तो घेत होता, आई समोर बसून देत होती, मग औषध कमी कसं पडेल?

२६ तारखेला आई तुळशीला पाणी घालायला गेली तर कुंडीतल्या मातीवर विटकरी-नारिंगी डाग. माती उकरली तर चौदा गोळ्या अर्धवट विरघळलेल्या. पंधरावी सापडली नाही. म्हणजे पाच दिवस, २२ ते २६, तो तोंडात गोळ्या धरून मागच्या दारी जात होता आणि आम्ही कॅलेंडरवर टिका मारत होतो.

त्याच दुपारी मानसोपचाराच्या डॉक्टर मॅडमना फोन केला. टीबीची औषधं चालू आहेत म्हटल्यावर त्यांनी एकच विचारलं, "रिफाम्पिसिन कधी सुरू केलं?" मी तारीख सांगितली आणि सांगता सांगता माझ्या डोक्यात उजेड पडला. दुकानात रिफाम्पिसिनच्या पेशंटबाईला मी न चुकता सांगते, की गर्भनिरोधक गोळीवर विसंबू नका. घरी तोच नियम आठवला नाही.

नियम असा. रिफाम्पिसिन लिव्हरमधली औषधं फोडणारी यंत्रणा वाढवतं. परिणाम काही दिवसांत सुरू होतो आणि साधारण दोन आठवड्यांत पुरता होतो. मॅडमच्या शब्दांत, नळ तेवढाच चालू आहे, पण मोरी मोठी झाली. ४ मिलिग्रॅम पोटात जात होतं, रक्तात राहत नव्हतं. सोळाव्या दिवशी दादा अंगणात फेऱ्या मारायला लागला, ते पंचांग बघून ठरवल्यासारखं होतं. आयसोनियाझिडनेही कधीकधी भास होतात, म्हणून मॅडमनी बी-६ रोज जातं का ते विचारून घेतलं. त्यांनी रिस्पेरिडोन आधी ६ आणि पाच दिवसांनी ८ मिलिग्रॅम केलं, झोपेसाठी थोडे दिवस लोराझेपाम दिलं, आणि टीबीचं एकही औषध बंद करू दिलं नाही. चिठ्ठीवर लिहिलं: 'रिफाम्पिसिन चालू असेपर्यंत'. हे तीन शब्द मागून घ्या. नाहीतर मध्येच दुसरे कुणी डॉक्टर भेटतात, ८ चा आकडा बघून चमकतात आणि कमी करून मोकळे होतात.

तुमच्या माणसाची गोळी दुसरी असेल तर हे ध्यानात ठेवून आपल्या डॉक्टरांना विचारा. क्वेटियापीनचं रक्तातलं प्रमाण रिफाम्पिसिनने इतकं पडतं की बहुधा औषधच बदलावं लागतं. ल्युरासिडोन तर सोबत द्यायचंच नाही. क्लोझापीनही बरंच घसरतं, आणि बिडी-सिगारेट त्याला आणखी खाली ओढते. उलट, टीबीच्या धाकाने धूम्रपान सुटलं की क्लोझापीन आणि ओलान्झापीन दोन्ही वर चढतात, तेव्हा सुटल्याची तारीखही डॉक्टरांना सांगायची. अरिपिप्राझोलचा डोस सहसा वाढवावा लागतो. व्हॅल्प्रोएट आणि लॅमोट्रिजिन कमी पडतात. कार्बामाझेपिनचं गणित वेगळं: आयसोनियाझिडने ते वाढून चक्कर, तोल जाणं, दोन दोन दिसणं असं होतं आणि लिव्हरवरचा भारही वाढतो. लिथियम मूत्रपिंडातून जातं, त्याला या मोरीचं काही नाही, मात्र उलट्या-जुलाब झाले तर ते अंगात साठतं. महिन्याच्या इंजेक्शनवर असलेल्यांना वाटतं आपण सुटलो. इंजेक्शन पोटातून जात नसलं तरी रक्तातून ते उपसलं जातंच.

यातलं काहीही आपण घरी कमीजास्त करायचं नाही. आपलं काम एवढंच, की दोन्ही फायली दोन्ही डॉक्टरांसमोर ठेवायच्या. २८ फेब्रुवारीपासून मी एकच वही केली. डाव्या पानावर टीबी, उजव्या पानावर मानसोपचार, औषधाचं नाव, मिलिग्रॅम, सुरू केल्याची तारीख. केसपेपराच्या आधी ती वही पुढे करायची.

हुकलेले पाच डोस मी टीबीच्या पर्यवेक्षकांना खरे सांगितले. रागावतील असं वाटलं होतं, पण त्यांनी नुसती नोंद दुरुस्त केली आणि म्हणाले, "ताई, खोटी टिक मारली असती तर मशीनला कळलं नसतं, जंतूंना कळलं असतं." पाच दिवसांसाठी पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. तेवढे डोस शेवटी वाढतात. हिशेब दिवसांचा नाही, डोसांचा असतो. रिफाम्पिसिन अधूनमधून सोडून पुन्हा घेणं मात्र वाईट, थंडी-तापासारखी प्रतिक्रिया येऊ शकते.

त्यानंतर गोळ्या द्यायची पद्धत बदलली. तीन गोळ्या एकदम न देता एकेक, प्रत्येकीमागे अर्धा पेला पाणी. मग दहा-पंधरा मिनिटं गप्पा, आणि त्या गप्पांत त्याला बोलतं ठेवायचं. तोंडात गोळी असलेला माणूस 'हं, हं' करतो. 'आ कर' म्हणायची वेळ दोनदाच आली. आरोग्य खात्याच्या आशाताई आठवड्यातून दोनदा यायच्या. त्या गोळीचं नावही काढायच्या नाहीत, "भाऊ, चहा टाकू का?" म्हणत बसायच्या. दादाने त्यांच्यासमोर एकही डोस चुकवला नाही. सकाळी टीबी, रात्री रिस्पेरिडोन, असं दोन टोकांना ठेवलं, त्यामुळे कुठली राहिली ते लगेच कळायचं.

लिव्हरची तपासणी सुरुवातीला झाली होती. पाचव्या आठवड्यात पुन्हा केली तेव्हा एएलटी (लिव्हरला त्रास झाला की रक्तात वाढणारा घटक) ९६ निघालं, प्रयोगशाळेची वरची मर्यादा ४० असताना. घाबरलो. टीबीच्या डॉक्टरांनी समजावलं: लक्षणं असतील तर मर्यादेच्या तिप्पट, लक्षणं नसतील तर पाचपट, तिथे औषधं थांबवतात. ९६ तिपटीच्या आत होतं. पण दादा लक्षण सांगणार कसा? मळमळतंय का विचारलं तर 'नाही'. म्हणून आईने भाकऱ्या मोजल्या. दोन खाणारा दीडवर आला तर मला फोन. डोळे पिवळे दिसतात का ते सकाळच्या उजेडात, दारात बघायचं, ट्यूबलाइटखाली कळत नाही. दर आठवड्याला तपासणी करून तिसऱ्या खेपेला आकडा ५१ वर उतरला. सरकारी लॅबमधलं मशीन बंद होतं, त्यामुळे चार वेळा खाजगीत ५५० रुपये गेले.

डोळ्यांचं एक सांगायचं राहिलं. इथाम्ब्युटॉलने नजर आणि रंगांची ओळख बिघडू शकते, विशेषतः लाल-हिरवा. ट्रायहेक्सीफेनिडिलने जवळचं धूसर दिसतं. म्हणजे 'नीट दिसत नाही' या तक्रारीची दोन कारणं. आम्ही दर रविवारी एकेक डोळा झाकून आधी वर्तमानपत्राचा मथळा वाचायला लावायचो, मग ताटलीत एक लाल आणि एक हिरवी मिरची. रंग चुकला असता तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे. चुकला नाही. एका रविवारी त्याने परीक्षा देता देता हिरवी मिरची खाल्ली.

पहिला टप्पा ४ एप्रिलला संपला. बेडका निगेटिव्ह. वजन ५३ किलो, म्हणजे साडेपाच किलो वाढ आणि डोस ठरवणारा वजनगटही बदलला. पुढच्या टप्प्यात तीनऐवजी चार गोळ्या. वजनकाटा समोर असताना जुन्याच तीनच्या हिशेबाने पट्ट्या हातात आल्या होत्या. मी वही दाखवली, मग बदलून मिळाल्या. रिस्पेरिडोनसारख्या औषधांनीही भूक आणि वजन वाढतं, त्यामुळे अशा रुग्णाचा वजनगट बदलायची शक्यता जास्त. दर महिन्याला काट्यावर उभं करा.

पैशांचं. निक्षय पोषण योजनेत १ नोव्हेंबर २०२४ पासून महिना १,००० रुपये मिळतात, ३,००० च्या दोन हप्त्यांत, पहिला सुरुवातीला आणि दुसरा ८४ दिवसांच्या उपचारानंतर. दादाचं जनधन खातं केवायसीअभावी झोपलेलं. बँकेत अंगठा द्यायला तो तयार होईना, मशीनमधला लाल दिवा त्याला नको होता. तिसऱ्या खेपेला आई आधी स्वतःचा अंगठा देऊन दाखवायला गेली, तेव्हा त्याने दिला. पहिला हप्ता १९ मार्चला जमा झाला, दुसरा मेच्या अखेरीस. खिशातून गेले साधारण नऊ हजार: एक्स-रे ४००, लिव्हर २,२००, मानसोपचाराच्या पाच भेटी २,५००, वाढीव गोळ्या ११००, बाकी एसटी आणि रिक्षा. खातं चालू आहे का ते निदानाच्या दिवशीच तपासा.

आईचीही तपासणी झाली. एक्स-रे स्वच्छ. तिला प्रतिबंधक उपचार मिळाला, आठवड्यातून एकदा, बारा डोस. त्यातलं रिफापेंटिन हे रिफाम्पिसिनचंच भावंड, आणि आई रक्तदाबासाठी अॅम्लोडिपिन घेते. यावेळी मी आधीच विचारलं. दर आठवड्याला दाब मोजला, दोन महिने गोळी वाढवून घ्यावी लागली.

एप्रिल ते जुलै विशेष काही नाही. कंटाळा हाच मोठा आजार. जूनमध्ये दादा म्हणाला, "बरा झालो, बास." त्यावर वाद घातला नाही, कॅलेंडरवर उरलेले डोस मोजून त्याच्याच हातात लाल पेन दिला.

जाता जाता एक. आयसोनियाझिडचाच भाऊबंद इप्रोनियाझिड, १९५२ मध्ये न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयात टीबीच्या रुग्णांना दिला, तेव्हा ते रुग्ण भलतेच उत्साही दिसू लागले आणि त्यातूनच नैराश्यावरचं पहिल्या पिढीतलं औषध निघालं. छातीच्या आणि मनाच्या औषधांची सोयरीक इतकी जुनी असून दोन्ही ओपीडींचे केसपेपर अजून वेगळेच.

२५ जुलै, १६८ वा डोस. टीबी विभागात सांगितलं, "झालं, मोकळे." मोकळे टीबीपुरते. रिफाम्पिसिन थांबलं की लिव्हरची ती वाढलेली यंत्रणा साधारण दोन आठवड्यांत पूर्ववत होते. मोरी पुन्हा लहान, आणि नळ मात्र ८ मिलिग्रॅमचा. यावेळी मानसोपचाराची भेट आधीच २८ जुलैची घेऊन ठेवली होती. ठरलं ते असं: १ ऑगस्टपासून ६, पुढे ८ तारखेपासून ४. पण ६ ऑगस्टच्या सकाळी दादाच्या हातातल्या बशीत कप खडखडायला लागला. चालताना उजवा हात हलत नव्हता, अंगाला चिकटून. मॅडमना फोन केला, त्यांनी त्याच रात्रीपासून ४ करायला सांगितलं. चार-पाच दिवसांत कप शांत झाला. अशा वेळी कुणाला तोल जाणं, अती झोप किंवा ताप आणि अंग लाकडासारखं कडक होणं असं दिसलं तर फोनवर थांबू नका, थेट दवाखाना. रात्री-अपरात्री मानसिक तक्रारीत काय करावं सुचलं नाही तर टेलिमानसचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो. टीबीच्या योजनेचा नंबर १८००-११-६६६६.

उपचार संपल्यावरही दोन वर्षं दर सहा महिन्यांनी तपासणी असते. दादाची पहिली जानेवारीत आहे. तारीख वहीच्या दोन्ही पानांवर लिहिली आहे, बेडक्याची डबी आणून ठेवली आहे आणि घरामागचा मोकळा भाग आईने झाडून घेतलाय.